थांबलेल्या शर्यतीची वाट

एखादी गोष्ट संपली असे कोणी जाहीर केलेले नाही आणि ती पुन्हा सुरू होईल असेही कोणी सांगितलेले नाही, अशा स्थितीत माणसाने तिची वाट किती काळ पाहावी? आवडत्या नाटक मंडळीच्या बाबतीत किंवा मध्येच बंद पडलेल्या मासिकाच्या बाबतीत हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना कधी ना कधी पडला असेल. आज मी ज्या प्रतीक्षेविषयी बोलणार आहे ती मात्र जगभरच्या काही रसिकांनी एका व्हिडिओ गेमसाठी केली. जवळजवळ एकोणीस वर्षे ती चालली, आणि तिला उत्तर मिळाल्यावरही ती पुरती संपलेली नाही. त्या खेळमालिकेचे नाव ‘एफ-झीरो’. जपानमधील क्योतो येथील निन्टेन्डो या कंपनीची ही निर्मिती.

व्हिडिओ गेमचे नाव निघाले की वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मी जाणतो. मुलांचा वेळ खाणारी वस्तू याहून अधिक मान त्या शब्दाला आपल्या घरांतून क्वचितच मिळतो. तथापि, ज्या वस्तूसाठी हजारो माणसे तारुण्यापासून प्रौढपणापर्यंत वाट पाहतात, तिच्यात काय आहे, हे एकदा शांतपणे पाहायला हरकत नाही. शिवाय या कथेतून निघणारा प्रश्न केवळ खेळाचा नाही. एखाद्या कलाकृतीचा मालक कोण आणि तिचा सांभाळ कोणी करायचा, हा तो प्रश्न आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगतो. इसवी सन २५६० हा त्याचा काळ. चाके नसलेल्या, जमिनीवर न टेकता तरंगत धावणाऱ्या गाड्या, आणि नगरांच्या वर अधांतरी बांधलेले शर्यतीचे मार्ग. पहिला खेळ २१ नोव्हेंबर १९९० रोजी जपानमध्ये, ‘सुपर फॅमिकॉम’ या निन्टेन्डोच्या नव्या यंत्राबरोबर, त्याच दिवशी बाहेर पडला. त्या यंत्रात एक नवी किमया होती. जमिनीचे सपाट चित्र घेऊन ते पडद्यावर फिरवायचे आणि पडद्याच्या प्रत्येक आडव्या ओळीगणिक त्याचे प्रमाण बदलत न्यायचे. त्यामुळे खालची ओळ मोठी व जवळची, वरची ओळ लहान व दूरची दिसते. आगगाडीच्या रुळांचे चित्र काढताना चित्रकार ते दूरवर एकत्र येतात असे दाखवतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे तो डोळ्यांदेखत, गाडीच्या प्रत्येक वळणासरशी नव्याने घडत होता. वस्तुतः ती सारी भूमी सपाटच होती. तिच्यात चढ नव्हता की उतार नव्हता. परंतु पाहणाऱ्याला मार्ग आपल्या अंगावर धावून येतो आहे असा भास होई. त्या काळी घरातल्या दूरदर्शन संचावर असा वेग पाहण्याची सवय कोणाला नव्हती.

केवळ देखाव्याने मात्र कोणताही खेळ टिकत नाही. एफ-झीरोची खरी खूण त्याच्या नियमांत आहे. प्रत्येक गाडीजवळ शक्तीचा एक ठरावीक साठा असतो. कठड्याला धडक बसली, दुसऱ्या गाडीचा धक्का लागला, की तो साठा कमी होतो. तो संपल्यावर आणखी एक धडक बसली की गाडीचा नाश होतो. मार्गावर काही ठिकाणी एक पट्टी आखलेली असते. तिच्यावरून जाताना साठा पुन्हा भरतो. पहिल्या खेळात प्रत्येक फेरी पूर्ण झाल्यावर एकदा अधिक वेग घेण्याची सवलत मिळत असे. पुढे १९९८ साली ‘एफ-झीरो एक्स’ आला, तेव्हा या नियमाला एक विलक्षण वळण मिळाले. पहिल्या फेरीनंतर खेळाडूला हवा तेव्हा अधिक वेग घेता येऊ लागला, मात्र त्याची किंमत त्याच शक्तिसाठ्यातून द्यायची होती. म्हणजे वेग आणि आयुष्य ही दोन्ही एकाच भांड्यातून काढायची. पुढे जायचे तर अंगावरचे कवच पातळ करायचे, कवच जपायचे तर मागे पडायचे. हा हिशेब ताशी हजार किलोमीटरच्या वेगात, क्षणाक्षणाला करायचा.

निन्टेन्डोचीच ‘मारिओ कार्ट’ ही दुसरी शर्यतमालिका जगभर अतिशय लोकप्रिय आहे. तिच्यातील ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’ या एकाच खेळाच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. पुष्कळांना वाटते की ती असताना एफ-झीरोची गरज काय? परंतु या दोन खेळांची प्रकृतीच भिन्न आहे. मारिओ कार्टमध्ये मागे पडलेल्याला दैव हात देते. त्याला एखादे अस्त्र मिळते, पुढच्याला ठेच लागते, आणि घरातले लहान मूलही एखादे वेळी वडिलांना हरवते. त्या खेळाचा जिव्हाळा यातच आहे आणि तो मला मान्य आहे. एफ-झीरोमध्ये अशी दया नाही. तेथे मार्ग पाठ करावा लागतो, हात घोटावा लागतो, आणि पुष्कळदा हरावे लागते. तबल्यावर बोल बसेपर्यंत गुरुजी ज्या सोशिकपणाची अपेक्षा करतात, तसाच सोशिकपणा हा खेळ मागतो. म्हणूनच त्याचे रसिक संख्येने थोडे, परंतु निष्ठेने पक्के राहिले.

या मालिकेचा प्रवास थोडक्यात सांगतो. ‘एफ-झीरो एक्स’मध्ये एकाच वेळी ३० गाड्या धावत, आणि तरीही पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत. हे साधण्यासाठी निर्मात्यांनी आजूबाजूचा देखावा मुद्दाम उघडाबोडका ठेवला. शोभेपेक्षा वेगाचा अखंडपणा महत्त्वाचा, हा त्यांचा निर्णय होता. २००३ साली ‘एफ-झीरो जीएक्स’ निघाला. त्याची कथा तर मोठी मौजेची आहे. १९९० च्या दशकात निन्टेन्डो आणि सेगा या दोन कंपन्यांचे हाडवैर होते. २००१ साली सेगाने स्वतःची यंत्रे तयार करणे सोडले, आणि अवघ्या दोन वर्षांत निन्टेन्डोने आपली शर्यत सेगाच्या कारागिरांच्या हाती सोपवली. ‘डेटोना यूएसए’ हा प्रसिद्ध शर्यतीचा खेळ करणारे तोशिहिरो नागोशी त्या कामाचे प्रमुख होते. कालच्या प्रतिस्पर्ध्याने केलेला हा खेळ या मालिकेतला सर्वांत कठीण आणि पुष्कळांच्या मते सर्वांत देखणा ठरला. त्याचेच ‘एफ-झीरो एएक्स’ नावाचे भावंड नाणे टाकून खेळण्याच्या मोठ्या यंत्रांसाठी निघाले. त्याच सुमारास जपानी दूरचित्रवाणीवर या कथेची ५१ भागांची चित्रमालिकाही चालली. ऑक्टोबर २००४ मध्ये ‘एफ-झीरो क्लायमॅक्स’ हा लहान यंत्रावरचा खेळ केवळ जपानमध्ये विक्रीला आला.

आणि तेथे सारे थांबले.

थांबण्याची घोषणा झाली नाही. या खेळाचा नायक कॅप्टन फाल्कन मात्र ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या मल्लयुद्धासारख्या दुसऱ्या खेळात १९९९ पासून झळकत राहिला. पुढच्या पिढीतील कित्येक मुलांना तो ठोसे मारणारा एक वीर म्हणून ठाऊक आहे; तो मुळात सारथी आहे, हे त्यांना सांगावे लागते. २०१४ व २०१५ साली ‘मारिओ कार्ट ८’ मध्ये एफ-झीरोचे दोन मार्ग आणि त्याची निळी गाडी पाहुण्यासारखी येऊन गेली. रसिकांची आशा जागी ठेवण्यास एवढे पुरेसे होते, आणि तिचे समाधान करण्यास ते फारच अपुरे होते.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. शिगेरू मियामोतो हे निन्टेन्डोचे विख्यात निर्माते. नव्या एफ-झीरोविषयी विचारले असता, आम्ही आजवर केलेले नाही असे तुम्हांला यात काय हवे आहे, असा उलट प्रश्न त्यांनी मुलाखतीत केला होता. या मालिकेची पात्रे व गाड्या ज्यांनी रेखाटल्या ते ताकाया इमामुरा २०२१ च्या आरंभी कंपनीतून निवृत्त झाले. काही मोठी नवी कल्पना सुचल्याशिवाय ही मालिका परत आणणे अवघड आहे, असेच मत त्यांनीही व्यक्त केले. या भूमिकेत तथ्य आहे. पहिला खेळ सपाट चित्राच्या किमयेवर उभा होता, दुसरा ३० गाड्यांच्या गर्दीवर, तिसरा दोन कंपन्यांच्या संगमावर. प्रत्येक वेळी काही तरी नवे होते. केवळ नाव चालावे म्हणून जुनाच माल नव्या वेष्टनात विकला नाही, हे त्या निर्मात्यांना भूषणावहच आहे. शिवाय मूठभरांना प्रिय असलेल्या कठीण खेळावर पैसा व माणसे गुंतवायची की कोट्यवधींना आवडणाऱ्या सोप्या खेळावर, असा प्रश्न आला म्हणजे व्यापाराचे उत्तर काय येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग या मधल्या काळात रसिकांनी काय केले? ते केवळ उसासे टाकीत बसले नाहीत. जीएक्सच्या एकेका मार्गावर सेकंदाचा अंश कमी करण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे सराव केला आणि आपापल्या विक्रमांच्या नोंदी जपल्या. २०१३ साली एक मोठा शोध लागला. नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रासाठी केलेला ‘एएक्स’ हा खेळ जीएक्सच्या तबकडीतच दडलेला आहे आणि युक्तीने तो सुरू करता येतो, असे आढळून आले. दहा वर्षे लोकांच्या कपाटात पडलेली वस्तू एकाच पोटात दोन खेळ घेऊन बसली होती. दुसऱ्या कोणा निर्मात्यांनी याच जातीचे स्वतंत्र खेळ रचले. जर्मनीतील शिनएन या लहान संस्थेने २०१५ मध्ये ‘फास्ट रेसिंग निओ’ आणि २०१७ मध्ये ‘फास्ट आरएमएक्स’ काढला; इटलीतून ‘रीडाउट’ आला. या बाबतीत एफ-झीरोचे रसिक एकटे नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे जन्मलेली ‘वाइपआउट’ ही अशीच भविष्यकालीन शर्यतमालिका. १९९५ साली ती सुरू झाली. तिची कार्यशाळा २०१२ साली बंद करण्यात आली. २०१७ मध्ये जुन्या खेळांचा एक नव्याने सजवलेला संग्रह निघाला. तिचे चाहतेही असेच दाराकडे डोळे लावून बसलेले आहेत.

परंतु या साऱ्या हकिगतीत मला सर्वांत अधिक विचार करायला लावणारा भाग वेगळाच आहे, आणि नभोवाणीवरून बोलताना तो सांगणे विशेष उचित होईल. जपानमध्ये निन्टेन्डोच्या यंत्राला जोडण्याचे ‘सॅटेलाव्ह्यू’ नावाचे एक उपकरण होते. उपग्रहावरून खेळ प्रसारित व्हायचा आणि तो घरच्या यंत्रात उतरवून घ्यायचा, अशी ती योजना. प्रसारण करणारी सेंट गिगा ही संस्था मूळची उपग्रह-नभोवाणीचीच. १९९६ च्या अखेरीस आणि १९९७ मध्ये या मार्गाने एफ-झीरोच्या खास शर्यती प्रसारित झाल्या. त्यांत नव्या गाड्या होत्या, नवे मार्ग होते आणि सोबत निवेदकाचा आवाजही होता. ठरलेल्या वेळी जो यंत्रापाशी हजर असेल त्याने खेळावे. वेळ टळली की शर्यत गेली. ही सेवा २००० साली बंद पडली. मार्ग आकाशातून आले आणि आकाशातच विरून गेले.

पुढे रसिकांच्या लक्षात आले की त्यांपैकी काही मार्ग आता कोणापाशीच उरलेले नाहीत. तेव्हा त्यांनी जुन्या व्हिडिओ फितींचा शोध सुरू केला. कोणी तरी त्या वेळी सहज म्हणून आपल्या घरातला पडदा फितीवर मुद्रित करून ठेवला होता. त्या अस्पष्ट चित्रणावरून वळण न् वळण मोजून, संगणकाचे साहाय्य घेऊन काही जाणकारांनी ते मार्ग पुन्हा जुळवले व खेळण्याजोगे केले. झिजलेल्या शिलालेखावरील अक्षरे संशोधकांनी ठशांवरून लावावीत, तसेच हे काम. ते करणाऱ्यांना त्यासाठी वेतन नव्हते. मूळ वस्तू ज्यांची, त्यांनी हे काम त्यांना सांगितलेही नव्हते.

येथे आपल्याकडील एक उदाहरण ताडून पाहावेसे वाटते. किर्लोस्कर नाटक मंडळी आज नाही, परंतु ‘सौभद्र’ आहे. त्याची संहिता छापलेली आहे, पदे कंठस्थ आहेत, आणि कोणत्याही गावातली हौशी मंडळी पेटी-तबला जमवून ते उद्या उभे करू शकतात. त्यासाठी कोणाच्या दारात ताटकळावे लागत नाही. व्हिडिओ गेमचे तसे नाही. तो जिवंत राहण्यासाठी त्याचे यंत्र चालू स्थितीत हवे, त्याची अंकित सामग्री शाबूत हवी, आणि कायद्याने तो ज्याचा आहे त्याची इच्छाही हवी. या तिन्हींपैकी एक जरी नाहीशी झाली, तरी खेळ उरतो तो आठवणीत. चाहत्यांच्या आशेमागे जी अस्वस्थता आहे, ती मला येथून उमजते. आपले आवडते खेळणे पुन्हा मिळावे एवढाच त्यांचा हट्ट नाही. जे आपण मन लावून शिकलो, ते पुढच्या कोणाला दाखवता तरी येईल की नाही, ही त्यांची खरी चिंता आहे.

अखेर १४ सप्टेंबर २०२३ रोजी काहीशी अनपेक्षित बातमी आली. ‘एफ-झीरो ९९’ हा नवा खेळ जाहीर झाला आणि त्याच दिवशी तो खुलाही झाला. दिसायला तो हुबेहूब १९९० च्या खेळासारखा. तेच मार्ग, त्याच चार गाड्या. परंतु एका शर्यतीत आता देशोदेशींचे ९९ खेळाडू एकत्र धावू लागले. बातमी ऐकताच काहींचा विरस झाला. इतकी वर्षे थांबून पुन्हा तीच सपाट भूमी का, असे त्यांनी विचारले. पण खेळून पाहिल्यावर पुष्कळांचे मत पालटले. जेथे पूर्वी खेळाडू एकटा यंत्राशी झुंजत असे, तेथे आता ९८ जिवंत माणसे त्याच्या अंगाशी घासत होती. वेग आणि आयुष्य एकाच भांड्यातून काढण्याचा तो जुना हिशेब गर्दीत अधिकच थरारक झाला. मियामोतोंच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे अवचित सापडले असे मला वाटते. नावीन्य नेहमी नव्या देखाव्यातूनच यावे लागते असे नाही. जुन्याच मार्गावर माणसे नव्या रीतीने एकत्र आणली, तरी ते येते.

त्यानंतर जुन्या खेळांची दारेही एकामागून एक उघडली. ‘एफ-झीरो एक्स’ २०२२ पासूनच कंपनीच्या सभासदांना उपलब्ध होता. केवळ जपानपुरता राहिलेला ‘क्लायमॅक्स’ २०२४ मध्ये इतर देशांतील खेळाडूंच्या हाती वीस वर्षांनी पडला. जून २०२५ मध्ये ‘स्विच २’ हे नवे यंत्र आले, आणि त्याबरोबर ‘जीएक्स’ही पुन्हा खेळता येऊ लागला. ज्यांनी त्याचे केवळ नाव ऐकले होते अशा तरुणांनी तो प्रथमच हातात घेतला, कठड्यांवर यथेच्छ डोकी आपटली, आणि वडील भावंडे ज्याविषयी बोलत होती ते काय आहे हे त्यांना कळले.

तथापि, येथे एक सावधगिरीची सूचना केलीच पाहिजे. हे सारे सभासदत्वाच्या वर्गणीवर मिळते. वर्गणी थांबली की खेळ थांबतो. ‘९९’ तर दूरच्या संगणकाशी जोडल्याखेरीज चालतच नाही. तो संगणक ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवशी ही शर्यत उपग्रहावरच्या त्या जुन्या शर्यतींच्याच वाटेने जाईल. फितीवरचे अंधूक चित्रण पाहून मार्ग जुळवण्याची पाळी आणखी तीस वर्षांनी पुन्हा कोणावर तरी येऊ नये, याची तजवीज आजच करावयास हवी. जुनी पुस्तके दुकानात मिळेनाशी झाली तरी ग्रंथालयात मिळतात. व्हिडिओ गेमला असे सार्वजनिक घर अद्याप पुरेसे लाभलेले नाही.

तेव्हा चाहत्यांच्या मागणीचे दोन भाग करावेत असे मला वाटते. नवा, भव्य एफ-झीरो निघावा, ही त्यांची इच्छा आहे. ती रास्त आहे, पण तिचा आग्रह धरता येत नाही. कारागिराला सुचलेच पाहिजे असा हुकूम कोणी काढू शकत नाही, आणि मनात नसताना केलेली कलाकृती कोणाच्याच कामाची नसते. जुने खेळ नाहीसे होऊ नयेत, ही मात्र इच्छा नव्हे. ती मागणी आहे, आणि ती करण्याचा रसिकांना अधिकार आहे. ज्या वस्तूवर लोकांनी आपल्या आयुष्यातले तास न् तास खर्च केले, तिच्यावर कायद्याने मालकी कोणाचीही असो, तिचा सांभाळ करण्याचे ऋण त्या मालकावर राहतेच. ते फेडण्यास फार मोठ्या प्रतिभेची गरज नाही. थोडी आस्था आणि थोडा खर्च, एवढ्यावर ते भागते.

श्रोतेहो, आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी अशाच कोणत्या तरी बंद पडलेल्या खेळाविषयी तळमळीने बोलत असेल. त्यांना एकदम गप्प करू नका. त्यात इतके काय होते, एवढे विचारून पाहा. कठीण गोष्ट पुनःपुन्हा करून ती साधण्याचा आनंद त्यांना तेथे प्रथम भेटला असेल, तर त्या जागेची ओढ त्यांना वाटणे स्वाभाविकच आहे. ती जागा त्यांच्या धाकट्यांनाही पाहायला मिळावी, एवढीच बहुधा त्यांची अपेक्षा असते.